चाळीस घरांची भोगी आणि डहीचा हाट

साल २०२५. मला पंचाहत्तरावं लागलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पेरणी-कापणी सोडून उरेल तेवढी. पण देवासच्या एका कारखान्याच्या कँटीनचा भाजीबाजार मी एकतीस वर्षं केला, आणि या एका विषयात मला शिकवणारा अजून जन्मायचाय. मेथीची जुडी नाकाशी धरली की सांगायचो, आज तोडली की काल, विहिरीच्या पाण्यावरची की नाल्याच्या. मंडीतला भाजीवाला बाबूलाल मला ‘नाकवाले दादा’ म्हणायचा.

रिटायर झालो आणि आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाने भोगीचा बाजार माझ्याकडे दिला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमची चाळीस घरं एकाच पातेल्यातली भाजी खातात. हरभरा, वाल, ओली तूर, वांगी, गाजर, मेथी, बोरं, जे जे थंडीत शेतात येतं ते सगळं तीत पडतं, म्हणून तिला लेकुरवाळी म्हणतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. चाळीस घरं, आणि बाजार करणारा एकटा मी! असा मान होता.

आता जे सांगतो ते मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दहा दिवसांचा ताप आला होता. ताप उतरला आणि माझं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर, वास गेला. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड कळतं. पण उदबत्ती आणि गटार मला सारखीच. बायकोलाही बोललो नाही. बाजारात जुडी उचलायची, नाकाशी धरायची, मान हलवायची, ते सगळं चालू ठेवलं.

आणि मागच्या भोगीला घात झाला. टेम्पोत मेथीच्या गोणीवर डिझेल सांडलं होतं. निवडायला बसलेल्या बायका म्हणाल्या, “अण्णा, कसलातरी वास येतोय.” मी जुडी हुंगल्यासारखी केली आणि म्हटलं, “गोणपाटाचा आहे. धुतलं की जाईल.” माझं नाक ते, कोण बोलणार? मेथी पातेल्यात पडली. पहिल्या घासाला चाळीस घरं थुंकली. मी मात्र दोनदा वाढून घेतली, मला काय कळतंय! लोकांना वाटलं म्हातारा हट्टाने खातोय. मग मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी मंडीत जाऊन बाबूलालला चार लोकांत बोल लावले की तूच खराब माल दिलास. वर्षभर त्याच्या दुकानापुढून मान वळवून गेलो.

या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी नितीन सावंत घरी आला. चाळिशीचा आहे, इथेच हिंदी शाळेत शिकलेला. म्हणाला, “अण्णा, इस बार ऑनलाइन मागवून टाकू. दरवाज्यापर्यंत येतं. तुम्ही आराम करा ना.”

“आराम तुझ्या बापाला सांग. भोगीचा बाजार मीच करीन, आणि धारकडच्या हाटातून करीन.”

“ठीक. पण यंदा भाजी बिघडली ना, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही फक्त जेवायला. मंजूर?”

मंजूर म्हणालो. धारकडचे हाट, म्हणजे आठवडी बाजार, का, तर तिकडे बाया सकाळी शेतातून तोडतात आणि डोक्यावरून थेट हाटात आणतात. जी वस्तू आजच तोडली, तिला हुंगावंच लागत नाही. माझी अक्कल अशी धावली.

आमची मंडळी, लीला, म्हणाली, “मीही येते.”

“तुझे गुडघे?”

“गुडघे माझे आहेत. येते म्हटलं ना.”

धार

धार हे लीलाचं माहेर. तिचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यामुळे तिचं मराठी अजून त्या काळातलं. मी जळगावकडचा, माझं मराठी शेतातलं. पंचेचाळीस वर्षांत मी तिला खानदेशी भरीत खायला शिकवलं आणि तिने मला गराडू.

गराडू ज्यांनी खाल्ला नाही त्यांची मला दया येते. दिसायला मातीने माखलेलं लाकूड! कंद आहे, फक्त थंडीत मिळतो. कच्चा सोलताना हाताला तेल लावावं लागतं, नाहीतर खाज सुटते. लग्नानंतर पहिल्याच थंडीत मी ते ऐकलं नव्हतं आणि रात्रभर हात पाण्यात बुडवून बसलो होतो. आता धारला उतरलो त्या संध्याकाळी बसस्टँडजवळ गाडीवाला उकडलेल्या फोडी तळत होता. “भिया, नरम रखूं के कड़क?” कडक! वरून मसाला, वरून लिंबू. दाताखाली कुर्रकन फुटला आणि आतून लोण्यासारखा. वास नसला तरी हे सुख आहेच. मी दोन प्लेटी खाल्ल्या.

पुढे एक बाई मांडूची चिंच घेऊन बसली होती. आपली चिंच नव्हे. नारळाएवढं लवदार फळ, फोडलं की आत पांढरा खडूसारखा गर. जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. काय आंबट! आंबट मला पूर्ण कळतं, म्हणून अर्धं फळ मी उभ्या उभ्याच संपवलं. लीला नुसती बघत होती. ती संध्याकाळभर माझ्याकडे जरा जास्तच बघत होती, हे मला नंतर आठवलं.

कुक्षी

त्या मुलखात प्रत्येक गावाच्या हाटाचा वार ठरलेला. आज या गावी, उद्या त्या. लीला धारला म्हणाली, कुक्षीचा वार कोणाला तरी विचारून घ्या. मी म्हटलं, मला माहीत आहे.

कुक्षीत उतरलो. हाटाचं मैदान रिकामं. तीन बकऱ्या कोबीची पानं चघळत होत्या.

“स्वारीने वार कुठल्या पंचांगातून काढला?” लीलाने विचारलं.

चहावाला हसला. “हाट तो कल हो गया, बा. अब कल डही जाओ.”

मुक्काम पडला. पण त्या मुक्कामात पानिये खायला मिळाले, तेव्हा मी चुकलो असं मी मानत नाही. मक्याचं पीठ मळून पळसाच्या दोन पानांमध्ये दाबतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. पान जळतं, पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात. तोडून उडदाच्या डाळीत बुडवायचं. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला मी आजवर कोणाच्या बरोबरीला बसू दिलं नव्हतं. यांना बसू दिलं. खाणावळीच्या बाईने विचारलं, “पत्ते की खुशबू आई, बा?” मी म्हटलं, “बहोत!” लीलाने पाण्याचा पेला उचलला आणि दुसरीकडे बघत प्याली.

डही

सकाळी जीपमध्ये आम्ही चौदा जण आणि चार कोंबड्या. गव्हाची हिरवी शेतं, कापसाच्या उभ्या पळाट्या, मग टेकड्या, टेकड्यांवर ताडाची झाडं. ऊन अजून कोवळं होतं. आणि वळणावर डहीचा हाट दिसला तेव्हा, काय सांगू, मी धावत्या जीपमध्ये उभा राहिलो आणि डोकं आपटून घेतलं.

एकतीस वर्षं मी मंडी बघितली, पण मंडीत माल पोत्यात असतो. इथे माल जमिनीवर मोकळा पसरलेला! जांभळ्या कडेच्या वालाच्या शेंगा, ज्यांना इथे बालोर म्हणतात. ओल्या तुरीच्या शेंगा, काही हिरव्या, काही तपकिरी रेघांच्या. हरभऱ्याचे डहाळे मुळासकट, मुळांना अजून ओली माती. लाल गाजरं, बोटाएवढी आणि गोड. दांड्यासकट पांढरे मुळे. पेरू. टोपलीटोपलीने बोरं, पिवळी, लाल, सुरकुतलेली. बायांची लाल-निळी लुगडी आणि पायांत चांदीची जाड कडी. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता फिरलो. लीला म्हणाली, “लग्नाच्या मांडवात एवढे खुश नव्हतात.” खोटं कशाला बोलू, नव्हतो.

मग कामाला लागलो. मी घरून स्प्रिंगचा काटा आणला होता. वालाच्या ढिगाला, त्यांच्या भाषेत ढेरीला, तो लावायला गेलो तर मालकीण, माझ्याच वयाची म्हातारी, तिने माझा हात धरला.

“तोल नी चाले बा. ढेरी से लेणा है तो लो.”

“ढेरी में मुझे क्या पता कितना है?”

“आँख नी है कांई?”

आजूबाजूच्या बाया हसल्या. मला लागलं ते. मी म्हटलं, “माताजी, इकतीस साल बाजार किया है मैंने. आँख की बात छोड़ो, आँख बंद करके बताऊँगा कौनसा माल है.”

कशाला बोललो! पण बोललो.

म्हातारीने तंबाखू गालात सारली. टोपलीमागून एक फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. “तो बता बा. आँख बंद कर.”

माणसं जमली. एकाने सायकल उभी केली, कोंबडीवाला कोंबड्यांसकट आला. मी डोळे मिटले. तिने गाठोडं माझ्या नाकाखाली धरलं. मिटण्याआधी मी पाहिलं होतं की लीलाने पदर नाकाला लावलाय. मला वाटलं धुळीने. मी जोरात श्वास घेतला, एकदा, दोनदा. हाताने चाचपलं. आत काहीतरी वाळलेलं, हलकं, खडबडीत. बोरं वाळवून ठेवतात हे मला माहीत होतं.

“सूखे बोर,” मी म्हटलं. “और मीठे हैं.”

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. कोंबड्या फडफडल्या. डोळे उघडले तर गाठोडं सोडलेलं, आणि त्यात नर्मदेची सुकी मासळी! चार हातांवर उभ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं असा तो वास असतो म्हणतात. “बा ने मच्छी के बोर बना दिए!” कोंबडीवाला ओरडत हाटभर गेला.

म्हातारी एकटी हसायची थांबली. गाठोडं बांधून तिने मागे ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “बुखार आया था?”

मी मान खाली घालून काटा पिशवीत टाकला.

“म्हारी सासू का भी गया था. रोटी खाती, फिर पूछती, कांई बणाया.” तिने वालाचा ढीग माझ्या पिशवीत ओतला आणि वर दोन मुठी जास्तीच्या टाकल्या. मला ती दया नको होती. पण शेंगा इतक्या सुंदर होत्या की मी पिशवी बंद केली.

हाटाच्या कडेला चहा घेऊन बसलो. लीला बराच वेळ बशीत फुंकर घालत होती.

“त्या तापापासून ना? दोन वर्षं झाली.”

“तुला कधी कळलं?”

“मागच्या भोगीला. ती डिझेलची भाजी आपण दोनदा वाढून घेतलीत. माझ्या शेजारी बसून!”

“मग वर्षभर बोलली का नाहीस?”

“आपण बोलला नाहीत म्हणून. आणि बोलले असते तर कबूल केलं असतं का?”

नसतं केलं. चहा संपला. मी म्हटलं, आज तोडलेल्या मालाला हुंगावं लागत नाही. ती उठली, मी एकट्याने घेतलेली हरभऱ्याच्या पाल्याची गोणी उघडली, मूठभर पाला काढला, नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला, जसं काही मला कळणारच आहे.

“आजच तोडलाय, खरं आहे. आणि औषध कालच मारलंय. चाळीस घरं खातील, लेकरंबाळं खातील. आपलं काय म्हणणं?”

औषध मारलेला पाला जनावरालाही घालता येत नाही. मी ती गोणी विकणाऱ्याकडे परत नेली. त्याने आधी नाही नाही म्हटलं, मग लीलाने मूठ त्याच्याच नाकाला लावली तेव्हा त्याने पैसे परत मोजून दिले.

“पुढे काय करायचं?” मी विचारलं. असा प्रश्न मी तिला बाजारात पहिल्यांदाच विचारला.

“मी हुंगते. सौदा आपण करा.”

बाग

बाग गावचा हाट दुसऱ्या दिवशी. गावाजवळ नदीच्या दगडांवर ठशांची लाल-काळी कापडं वाळत पडली होती, लांबून वाटावं मिरच्याच पसरल्यात.

मला अजूनही लाज होती. बायको हुंगते आणि नवरा घेतो, लोक काय म्हणतील? म्हणून मी खूण ठरवली. माल चांगला असेल तर तिने एकदा खोकायचं, खराब असेल तर दोनदा. ओल्या लसणीपाशी एकदा खोकली, घेतली. पेरूपाशी दोनदा खोकली, सोडले. छान चाललं होतं. पुढे एक जण लाल मिरची कुटत होता. लीलाला असा ठसका लागला की मला मोजताच येईना. पाच झाले, सात झाले! मी उत्तम मेथी हातात घेऊन उभा, ठेवू की घेऊ? मेथीवाली धावत पाणी घेऊन आली. शेजारचा भाजीवाला आल्याचा तुकडा पुढे करून म्हणाला, “माताजी को ये चुसाओ, खाँसी बहोत पुरानी लगती है.”

लीला पाणी पिऊन, डोळे पुसून, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, “अहो, मेथी चांगली आहे, घ्या आता!”

मग खूण सोडली. ती टोपलीवर वाकून हुंगायची, मान हलवायची, आणि मी भावाला बसायचो. दोन तासांत असा बाजार केला की कँटीनमध्ये कधी केला नाही. मटार तिने शेंग सोलून हुंगला. वांगी देठाशी हुंगली. “ही कालची,” “ही आत्ताची,” “ही औषध मारलेली.” माझंच काम, पण माझ्यापेक्षा बारीक! हे लिहायला मला जड जातंय, पण आहे ते आहे.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “गोणियाँ पीछे डाल दो, दादा.” मी उचलायला वाकलो. लीलाने नाक वर केलं. “तिथे नको. डिझेलचा डबा आहे.” बघितलं तर खरंच, मागच्या बाकाखाली डबा, बूच सैल. मी गोण्या आमच्या सीटवर बसवल्या. कंडक्टर म्हणाला, सीट सवारी के लिए है. मी म्हटलं, “ये चालीस घर की सवारी है.” लीला खिडकीशी, मध्ये वाल आणि मेथी, आणि मी धारपर्यंत दांडा धरून उभा. पाय दुखले. आनंद मात्र असा की मी मध्येच एक गाजर काढून धोतराला पुसून खाल्लं.

देवास

भोगीच्या दिवशी बायका निवडायला बसल्या. नितीन मुद्दाम आला. “अण्णा, इस बार डिझल नहीं है ना?” चार जण हसले. पातेलं चढलं, तिळाचं कूट पडलं, खोबरं पडलं. मला वाफ दिसत होती, तेवढंच. मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. नितीनच्या आईने झाकण काढलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “अगं बाई! माहेरी गेल्यासारखं वाटलं.”

टेबलं मांडून पंगत बसली. पहिला घास. मी जेवायचा थांबलो. कोणी थुंकलं नाही. मग आवाज सुरू झाले, “अजून भाजी,” “इकडे भाजी.” पातेल्याचा तळ खरवडला. नितीनने बोटं चाटत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मान गए अण्णा! नाक हो तो आपके जैसी.”

लीलाने टेबलाखालून माझा हात दाबला. म्हणजे राहू द्या, कोणाला काय कळतंय. पण मी दुसऱ्याचं श्रेय आजवर घेतलं नाही आणि पंचाहत्तराव्या वर्षी घेणार नव्हतो. मी उभा राहिलो.

“नाक माझं नाही. हिचं आहे. मला दोन वर्षं वास येत नाही.”

वाढपी हातात भाकरी धरून तसाच थांबला. नितीन म्हणाला, “तो फिर… मागच्या वर्षी?”

“मागच्या वर्षी मी एकटा गेलो होतो.”

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मीही हसलो असेन. नितीनची आई वाढता वाढता म्हणाली, “मग पुढच्या वर्षी दोघांनी जा, त्यात काय? नितीन, तू गोण्या उचलायला जा.” नितीनने मान डोलावली. मी तिसऱ्यांदा भाजी घेतली. मीठ बरोबर होतं, बोरं आंबटगोड होती. बाकीचं मी लीलाला विचारलं आणि तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. लीलाचे गुडघे सुजले होते, ती उठली नाही. सकाळी मी खिशात तिळगुळाची पुडी घातली, पिशवी घेतली आणि मंडीत गेलो. बाबूलालच्या दुकानासमोर थांबलो, वर्षाने. त्याने वर पाहिलं आणि तो परत भाजीवर पाणी शिंपडायला लागला. मी पुडी त्याच्या काट्याच्या पारड्यात ठेवली. त्याने समोरची मेथीची जुडी उचलून मला दिली, पूर्वी द्यायचा तशी, हुंगायला. मी ती त्याच्याच हातात परत दिली.

“भिया, मेरी नाक गई है. पिछले साल भी गई हुई थी. माल तेरा अच्छा था. अब तू सूंघ के दे.”

बाबूलालने माझ्याकडे बघितलं. मग जुडी नाकाला लावली, बाजूला ठेवली, आणि खाली वाकून गोणीच्या तळातून दुसरी, ताजी काढून माझ्या पिशवीत घातली.